पाठीवरचं माहेर

जिजी कुठल्याही बाईचं पाऊल बघून तिला कितवा महिना ते सांगायची. तोंड बघायची गरज नसे, पोट तर नाहीच. सुरतेजवळ उधन्याला आमच्या चाळीच्या पायरीवर ती तांदूळ निवडत बसलेली असायची आणि समोरून कोणी बाई नळाकडे निघाली की सुपातली नजर जेमतेम तिच्या पावलांपर्यंत नेऊन म्हणायची, "पाचवा." ती बाई लाजायची, नाहीतर चिडायची, नाहीतर आपल्याला तसलं काही नाही असं शपथेवर सांगायची. चार महिन्यांनी तिच्याच घरून पेढे यायचे. "बाई खोटं बोलस, तिना पाय बोलत नहीत," हे जिजीचं ठरलेलं वाक्य होतं. एकदा गिरणीच्या मॅनेजरची बायको गणपतीच्या आरतीला चाळीत आली. लग्नाला नऊ वर्षं झालेली, सगळे उपास-नवस करून थकलेली. जिजीने तिला आरतीच्या गर्दीतून बाहेर काढून खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, "दुसरा से. आते उभी राहू नको." त्या घरून पेढे नाही, अख्खी करंडी आली होती मिठाईची.

जिजी आमची शेजारीण, मूळची अमळनेरकडची. तिचा नवरा, आमचे आप्पा, गिरणीत मागांवर जॉबर, म्हणजे मुकादम, होते. वीस वर्षं सुरतेत काढूनही जिजीची बोली अहिराणीच राहिली. गुजराती तिला सगळी कळायची, पण तोंड उघडलं की बाहेर अहिराणीच यायची, आणि भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना ती समजायची. चाळीतल्या एकूण एक बाळंतिणींचं तेलपाणी तिच्याकडे. पाय लांब करून ती पाटावर बसली, पायांवर बाळ आडवं घेतलं, की रडणारं पोर दोन मिनिटांत मुकाट व्हायचं. माझ्या धाकट्या दोन्ही बहिणी तिच्या पायांवर न्हाल्या. आता ती जाऊन कितीतरी वर्षं झाली, चाळही राहिली नाही, पण त्या बहिणींच्या टाळू इतक्या छान भरल्या त्या जिजीमुळे, असं माझी आई शेवटपर्यंत सांगत असे.

हे झालं जिजीचं. माझं म्हणाल तर मी तेव्हा चोवीस वर्षांचा, एका गिरणीच्या ऑफिसात कारकून, आणि डोक्यात एकच खूळ. पाठीवर एक पिशवी टाकून रस्त्याने विलायतेपर्यंत जायचं. असे केस वाढवलेले गोरे लोक तिकडून इकडे येतात हे मी मासिकांत वाचलं होतं. मग आपण इकडून तिकडे का जाऊ नये, असा माझा बिनतोड सवाल होता. पासपोर्ट काढला, बिनपगारी रजा मंजूर करून घेतली, एक मित्रही तयार केला. मित्राचं ऐन वेळी लग्न ठरलं. मी मनातून खूश झालो. एकट्याने जग बघायचं, कुणाला उत्तर द्यायचं नाही, वाटेल तिथे थांबायचं, वाटेल तेव्हा निघायचं. माणसाने इतकं खूश होऊ नये.

जिजीची एकुलती एक मुलगी शकू इंग्लंडात नर्स होती. बोल्टन नावाच्या गिरण्यांच्या गावात, तिथेच बारडोलीकडच्या एका गुजराती मुलाशी लग्न करून राहिलेली. तिची पत्रं जिजीला मी वाचून दाखवायचो. त्या वर्षी फेब्रुवारीत पत्र आलं. त्यात इकडचं तिकडचं दोन पानं, आणि शेवटी एक ओळ : आई, आता तुला सांगायला हरकत नाही. बस, एवढंच. पण एवढ्यावर चाळीने दिवाळी केली. आपल्याकडे तीन महिने होईपर्यंत तोंडातून शब्द काढत नाहीत, दृष्ट लागते. तेव्हा "हरकत नाही" याचा अर्थ तीन सरले, यात कुणाला शंका नव्हती. जिजीने बोटांवर मोजलं. ऑगस्टात बाळंतपण. पहिलं बाळंतपण माहेरी, ही तर दगडावरची रेघ. पण शकूला इतकी रजा मिळणं शक्य नव्हतं. मग जिजीने दोन दिवस विचार करून जाहीर केलं की मुलगी माहेराला येत नसेल तर माहेर मुलीकडे जाईल.

आई-बापाचे पासपोर्ट शकूने आधीच काढायला लावले होते. जावई विमानाचं तिकीट पाठवायला तयार होता. सगळं सुरळीत होतं, तेवढ्यात प्रवासी कचेरीतल्या माणसाने सांगितलं की विमानात माणशी वीस किलो सामान नेता येतं. जिजीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने वीसच्या जागी बावीस करून बघितलं. तिची यादी तयार होती. डिंक, खारीक, खोबरं, हळीव, मेथ्या, गूळ, बाळंतशोपा, ओवा, वावडिंग, वेखंड, सगळी बाळघुटी आणि ती उगाळायची सहाण. शिवाय जुन्या मऊ लुगड्यांची एक गठडी, कारण नव्या कापडात बाळ गुंडाळत नाहीत. हे सगळं चाळीस किलोच्या पुढे जात होतं. यातलं काय कमी करायचं, असं आप्पांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली विमान कमी करायचं. आणि संध्याकाळी माझ्यासमोर येऊन बसली.

"सुदाकर, तुनी गाडीमा किती किलो चालस?"

मी बढाई मारली. म्हटलं, आमच्या प्रवासाला वजनाचा नियमच नाही, जेवढं पाठीवर मावेल तेवढं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. "मंग मी बी येसू," असं म्हणून जिजी स्वयंपाकाला निघून गेली, आणि माझ्या एकट्याच्या जगप्रवासाचा तिथेच निकाल लागला. नाही म्हणायची माझी छाती नव्हती. माझ्या आईनेच उलट देवापुढे साखर ठेवली, की पोराबरोबर आता कोणीतरी शहाणं माणूस आहे.

आप्पांनी गिरणीतून जाड कॅनव्हास आणला, चाळीतल्या शिंप्याने त्याच्या दोन पाठपिशव्या शिवल्या, आणि खांद्याच्या बंदांना मागाचे जुने चामडी पट्टे लावले. जिजीने लुगड्याखाली कॅनव्हासचे बूट घातले. होळी झाली आणि आम्ही निघालो. वाघा सरहद्दीवरून पाकिस्तानातून जाणं तेव्हा आपल्या लोकांना जमण्यासारखं नव्हतं, म्हणून मुंबईहून बोटीने इराणचं खोरमशहर बंदर, तिथून बस. आरामात तीन महिने, जूनअखेर पोचायचं, बाळ यायला महिना-दीड महिना शिल्लक. मी शकूला तसं लिहून टाकलं, वाटेतल्या पोस्टांचे पत्तेही कळवले, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं की काळजी करू नकोस, हाताशी भरपूर वेळ आहे.

खोरमशहरला कस्टमवाल्याने जिजीची पिशवी उघडली आणि त्याचे डोळे चमकले. डिंकाचा खडा त्याने उजेडात धरला, हुंगला, चाटला. वेखंड बघितलं. मुरुडशेंग बघितली. काळ्या काळ्या गोष्टींच्या त्या पुरचुंड्या बघून त्याने दुसऱ्याला हाक मारली, दुसऱ्याने तिसऱ्याला. अफू-चरसाच्या शोधात असलेल्या माणसाला बाळघुटी सापडली की काय होतं ते मी पाहत होतो. मी इंग्रजीत समजावू लागलो, तसतसा त्यांचा संशय वाढू लागला. जिजीने मला हाताने बाजूला केलं. ती सरळ जमिनीवर बसली, पाय लांब केले, पंचाची गुंडाळी करून पायांवर आडवी ठेवली आणि तिला तेल लावायला सुरुवात केली. छाती, पाठ, मांड्या. मग गुंडाळी उपडी केली, पाठीवरून काल्पनिक तांब्याने पाणी ओतलं, टाळू भरली, आणि सहाणेवर बोटभर काहीतरी उगाळल्यासारखं करून त्या पंचाला चाटवलं. सगळी शेड हसायला लागली. पहिला कस्टमवाला सर्वांत जास्त हसला, आणि हसता हसता त्याने स्वतःच पुरचुंड्या पुन्हा बांधून दिल्या.

इस्फहानला मला निळ्या फरशांच्या मशिदी बघायच्या होत्या. तीन दिवस मी मान वर करून फिरलो. जिजी चौकातल्या पायऱ्यांवर बसून खाली बघत राहिली. काळ्या चादरीत नखशिखान्त गुंडाळलेल्या बायका समोरून जात होत्या आणि त्यांची फक्त पावलं दिसत होती. म्हणजे जिजीच्या दृष्टीने त्या शहराने तिची सगळी सोय करून ठेवली होती. संध्याकाळी मी परत आलो की ती हिशेब द्यायची. सातवे तीन, चौथे पाच, आणि एक अशी की तिने आता घराबाहेर पडायलाच नको होतं. मी म्हटलं, जिजी, एवढ्या लांब येऊन तू हेच बघणार का? ती म्हणाली की इमारती उद्याही इथेच असतील.

तबरीझच्या एका स्वस्त मुक्कामाच्या जागी ते केस वाढवलेले गोरे लोक भेटले, माझ्या मासिकांतले. हिंदुस्तानात शांती शोधायला निघालेले. एक हॉलंडची मुलगी जिजीशेजारी येऊन बसली आणि तिने माझ्यामार्फत विचारलं की आयुष्याचा अर्थ काय. मी तो प्रश्न शक्य तितका सोपा करून अहिराणीत नेला. जिजीने तिच्याकडे, म्हणजे तिच्या चपलांकडे, बघितलं आणि तीन बोटं वर केली. मुलगी आधी हसली, मग बसल्या बसल्या तिचा चेहरा बदलला, मग ती जिजीच्या मांडीवर डोकं ठेवून बराच वेळ पडून राहिली. तिच्या आईचा पत्ता विचारून जिजीने माझ्याकडून पत्र लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती मुलगी मागे फिरली, हिंदुस्तानच्या नव्हे, घराच्या दिशेने; आणि पाव शेर डिंक तिच्याबरोबर गेला.

डिंक असा वाटेवर वाटला जाऊ लागला तेव्हा मी कुरकुर केली. शकूला काय उरणार? पण जिजीचा हात आखडत नसे. दर मुक्कामाला ती स्टोव्ह पेटवून आधी भात टाकायची, मग तो शिजेपर्यंत मला शिकवत बसायची. बाळंतिणीला पहिले पाच दिवस काय, बाराव्यानंतर काय, बाळाचं पोट दुखलं तर रडण्याचा सूर कसा आणि कान दुखला तर कसा. मी म्हणायचो, जिजी, मी पुरुष माणूस, मला काय करायचंय हे. "मी वाटमा मरनू ते? पोरले कोन करी?" असं ती अगदी सहज विचारायची आणि पुढचा धडा सुरू करायची. तेवढ्यासाठी मी शिकत गेलो. मला वाटतं इराण ओलांडेपर्यंत सुरत जिल्ह्यातला मी एकमेव कारकून होतो ज्याला घुटीतलं कोणतं औषध सहाणेवर किती वळसे उगाळायचं ते तोंडपाठ होतं.

तुर्कस्तानात शिरलो तेव्हा मे महिना लागला होता, तरी डोंगरावर बर्फ होतं. एर्झुरूमच्या अलीकडे एका खेड्यात बस चहाला थांबली. चहावाल्याची सून आतून कप घेऊन आली, आणि जिजी उठून उभी राहिली. तिने मला सांगितलं की पिशव्या खाली काढ. मी म्हटलं, बस सुटेल. ती म्हणाली, सुटू दे. त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी दुपारी ती सून बाळंत झाली, आणि मूल आडवं होतं. गावची सुईण आणि जिजी, दोघींची एकमेकींशी भाषा नाही, पण मी बाहेर बसून ऐकत होतो तर दोघी आपापल्या भाषेत अखंड बोलत होत्या आणि एकदाही थांबत नव्हत्या. मुलगी झाली. आई वाचली, पण फार थकली.

मग त्या बायकांनी बाळाच्या अंगाला मीठ चोळायला काढलं. तिकडची तशी रीत आहे. जिजीने बाळ पदरात घेतलं आणि ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. अर्धा तास वाटाघाटी झाल्या. शेवटी मीठ फक्त पावलांना लावायचं यावर तह झाला, आणि त्या बदल्यात जिजीने त्यांचं लवंग-दालचिनीचं लालभडक सरबत बाळंतिणीला द्यायला परवानगी दिली. नुसती दिली नाही, ते कसं करतात हे मला लिहून घ्यायला लावलं. सुनेला ताप होता. मी रोज सकाळी पिशव्या बांधायचो आणि रोज जिजी त्या सोडायची. "बायतीन सोडीसन जाता येत नही," एवढंच तिचं म्हणणं. आणि आपल्याकडे वेळ आहे की, असं मीच कबूल करायचो. ताप उतरला, ती सून उठून बसली, हसली, तेव्हा आम्ही निघालो. बारा दिवस झाले होते.

इस्तंबूलच्या मोठ्या पोस्टात शकूचं पत्र आमची वाट बघत पडलं होतं. किती दिवस, ते शिक्क्यावरून कळत होतं. दोन आठवडे होऊन गेले होते. मी तिथेच बाकावर बसून नेहमीसारखं मोठ्याने वाचायला लागलो आणि चौथ्या ओळीला अडखळलो. शकूने लिहिलं होतं की सुधाकरचं पत्र आज पुन्हा वाचलं, भरपूर वेळ आहे असं तुम्हाला का वाटतंय ते आत्ता लक्षात आलं. आई, मी तुला तीन सरल्यावर नाही, पाच सरल्यावर कळवलं. मागच्या वर्षी एक चौथ्यात गेलं. तुला लिहिलं नाही, तू इतक्या लांबून काय केलं असतंस. म्हणून या वेळी तो महिना पार पडेपर्यंत मला कुणाला सांगायचा धीर झाला नाही. डॉक्टरांनी जूनचा पहिला आठवडा सांगितलाय. तू कुठे आहेस?

तो मेचा शेवटचा दिवस होता.

जिजीने माझ्या हातातला कागद घेऊन स्वतः बघितला, जणू तिला वाचता येत होतं. सगळ्या जगाच्या बायकांचे महिने सांगणारी ती, पोटच्या पोरीचे दोन महिने तिला चुकले होते. पण तिने विचारलं ते वेगळंच. "माले कसाले नही सांगं तिनी?" मग ती उठली, पिशवी पाठीवर घेतली आणि माझ्या आधी पोस्टाच्या बाहेर पडली.

त्यानंतर मी युरोप पाहिला तो खिडकीतून. विमान आमच्या ऐपतीत नव्हतं. आगगाडी, पुन्हा आगगाडी, मग एक बस, मग पुन्हा आगगाडी. ज्या शहरांची नावं मी कारकुनी करता करता फायलींच्या मागे लिहीत असे ती एकामागून एक गेली आणि मी त्यांच्या फलाटांवर फक्त पाणी भरलं. जिजी जेवायची नाही. ती चिडचिड करत नव्हती, रडत नव्हती, नुसती पुढे बघत बसायची, आणि गाडी थांबली की माझा दंड धरायची. मला त्या पाच दिवसांत पहिल्यांदा कळलं की ही बाई माझ्याबरोबर फिरायला आली नव्हती. विलायतेच्या बंदरावर अधिकाऱ्याने किती दिवस राहणार म्हणून विचारलं. मी सहा आठवडे सांगितले. कशासाठी, असं त्याने विचारलं, तर जिजीने स्वतःच पुन्हा तो पंचा काढला. बंदरावर गर्दी होती, पाऊस होता, पण त्याने दोन मिनिटं सगळी रांग थांबवून तिला बघितलं आणि शिक्का मारला.

बोल्टनला सकाळी पोचलो. धुराड्यांच्या रांगा बघून जिजी म्हणाली, उधना दिसतंय. एकासारखं एक अशी लाल विटांची घरं, त्यांतलं एक शकूचं. दार जावयाने उघडलं, "बा आव्यां," आई आल्या, असं आत ओरडून सांगितलं, आणि आम्ही थेट मागच्या परसात गेलो. शकू दोरीवर लंगोट वाळत घालत होती. पायात नुसत्या सपाता, डोक्याला काही नाही, कानांत कापूस नाही. बाळ आत झोपलं होतं. मुलगा, नऊ दिवसांचा.

नऊ, आणि तुर्कस्तानातले बारा. मी लगेच मोजलं. जिजीनेही मोजलं असणार.

मग शकूच समजूत घातल्यासारखं म्हणाली, "आई, झालं सगळं. इथे पाचव्या दिवशी घरी पाठवतात. मी ठीक आहे. आता तू आराम कर, दमली असशील." ती नर्ससारखं बोलत होती, रुग्णाच्या नातेवाइकाशी बोलतात तसं. जिजीने तिच्या हातातला लंगोट काढून घेतला.

"पोर व्हयनं," ती म्हणाली, "बायतपन कोठे व्हयनं? ते आते सुरू व्हई."

आणि ते सुरू झालं. दहा मिनिटांत शकू कान बांधून पलंगावर होती, खिडक्या बंद होत्या, जावई कोळसे आणायला गेला होता आणि मी वाटण वाटत होतो. डिंक फारसा उरला नव्हता. तो कुठे गेला हे शकूने विचारलं, तेव्हा जिजीने काही लपवलं नाही. बारा दिवस कुठे थांबलो, का थांबलो, सगळं पाय चेपता चेपता सांगितलं. शकूने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की मूल आडवं होतं तर हाताने फिरवलं का. जिजी म्हणाली, हो. ताप किती होता, तिने विचारलं. मग म्हणाली, बरं केलंस थांबलीस. बाराव्या दिवशी बारसं झालं, शेजारच्या दोन गोऱ्या बायका घुगऱ्या खाऊन गेल्या, आणि आणखी द्या म्हणाल्या. पण पत्रात मागच्या वर्षीबद्दल जे लिहिलं होतं त्यावर त्या घरात कोणी एक शब्द बोललं नाही.

मग मला सुट्टी मिळाली. सव्वा महिना पूर्ण झाला की जिजीला घ्यायला ये, असा हुकूम घेऊन मी निघालो आणि एकट्याने युरोप फिरलो, अगदी मनात होतं तसा. वाटेल तिथे थांबलो, वाटेल तेव्हा उठलो. छान होतं. पण खरं सांगायचं तर बागेत बाकावर बसलो की समोरून जाणाऱ्या बायकांच्या पावलांकडे माझं लक्ष जायचं, आणि मला काहीही कळायचं नाही, आणि विचारायला शेजारी कोणी नसायचं.

जुलैच्या मध्यावर बोल्टनला परत आलो. बाळाने बाळसं धरलं होतं. शकूचे गाल वर आले होते आणि ती पलंगावर पडून वैतागली होती. "हिला सांग, सुधाकर, मी ठणठणीत आहे. पुढच्या महिन्यात मला ड्यूटी आहे." मी आत हाक मारून म्हटलं की जिजी, सव्वा महिना झाला, परतीचं बघायचं ना? जिजी स्वयंपाकघरातून कोमट तेलाची वाटी घेऊन आली. शकूच्या पायांवरचं पांघरूण तिने बाजूला केलं आणि पलंगाच्या कडेला बसली.

"या पोरनं बायतपन व्हयनं," ती म्हणाली. "आते पह्यलानं."

जिजीने शकूचं पाऊल मांडीवर घेतलं आणि तळव्याला तेल लावायला सुरुवात केली, नेहमीसारखीच, घाई न करता. मग शकू रडायला लागली. मोठ्याने, लहान मुलीसारखी, वर्षाहून जास्त आत धरून ठेवलेलं सगळं. जिजीने तिला गप्प केलं नाही. जावई दारात येऊन उभा राहिला, मग तोही खाली बसला. मला तिथे थांबवेना. मी पाळण्यातलं बाळ उचललं आणि परसात गेलो.

परत मी एकटाच निघालो. निघताना विचारलं की आप्पांना काय सांगू, ते तर स्टेशनवर दोघांची वाट बघत असतील. "त्यासले सांगजो, दोन बायतपनं सेत, टाइम लागी," जिजी म्हणाली. सुरत स्टेशनवर आप्पा इस्त्रीचे कपडे घालून उभे होते. मी जिजीचा निरोप शब्दशः सांगितला. दुसरं कोणाचं, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, आणि मग माझी पिशवी उचलून चालायला लागले.